जुना संगणक, नवा दुभाषी

व्यापारी घरांत कोणतीही वस्तू मोडीत काढण्यापूर्वी तिचे उरलेले आयुष्य पारखण्याची रीत आहे. तिजोरीचे कुलूप बदलते, तराजूची पारडी बदलतात, दुकानाची पाटी पुन्हा रंगविली जाते. पण वस्तू सहसा एका दिवसात घराबाहेर जात नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र ही पारख मागे पडली आहे. नवी प्रणाली आली की जुना संगणक गेला, असा हिशेब रूढ झाला असून तो एकदा तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

निमित्त असे की, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० ह्या प्रणालीचा नियमित आधार थांबविला. घरगुती ग्राहकांना एका वर्षाची मुदतवाढ देण्यात आली. परंतु ती मुदतवाढच आहे, उपाय नव्हे. पुढील प्रणाली म्हणजे विंडोज ११. तिच्यासाठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. ज्या संगणकांत हे नाही, ते चालू स्थितीत असूनही कंपनीच्या लेखी कालबाह्य ठरतात. सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद झालेल्या संगणकावर पेढीचे हिशेब आणि ग्राहकांची माहिती ठेवणे म्हणजे कुलूप बिघडलेल्या कपाटात दस्तऐवज ठेवण्यासारखे आहे.

बुलढाणा जिल्ह्यातील एखाद्या पेढीचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. गाव खामगाव असो, मलकापूर असो, चिखली असो की मेहकर. गादीशेजारच्या मेजावर आठ-दहा वर्षांचा संगणक आहे. त्यावर टॅलीत हिशेब लिहिले जातात, बिले छापली जातात, जीएसटीची विवरणपत्रे भरली जातात. पुण्यास अभियांत्रिकी शिकणारा नातू दिवाळीस घरी येतो आणि म्हणतो, "आजोबा, हा संगणक विकू नका. ह्यावर लिनक्स घालू. उत्तम चालेल."

आजोबा लगेच नकार देत नाहीत आणि लगेच होकारही देत नाहीत. ते विचारतात, "अरे, मग टॅलीचे काय? तुझ्या काकूची फोनमधली ॲप्स त्यावर चालतील? तुझे खेळ चालतील? आणि मुख्य म्हणजे, पैशाचा व्यवहार त्यावर करता येईल का?"

हे चारही प्रश्न योग्य आहेत. त्यांची उत्तरे मात्र एकसारखी नाहीत.

प्रथम लिनक्स म्हणजे काय ते पाहू. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स ह्याने १९९१ साली एका प्रणालीचा गाभा लिहून तो सर्वांसाठी खुला केला. जगभरच्या जाणकारांनी त्यात भर घातली. आज इंटरनेटवरील असंख्य सेवा ह्याच गाभ्यावर उभ्या आहेत. केरळमधील सरकारी शाळांतून संगणकाचे शिक्षण लिनक्सवर दिले जाते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक ह्या शासकीय संस्थेनेही 'बॉस' नावाची लिनक्स-आधारित भारतीय प्रणाली तयार केली आहे. अशा बहुतेक प्रणालींना परवाना-शुल्क पडत नाही आणि त्यांतील हलके प्रकार जुन्या संगणकावरही सुरळीत चालतात.

अडचण एकच. विंडोजसाठी लिहिलेला कार्यक्रम लिनक्सवर आपोआप चालत नाही. ह्याचे कारण समजण्यासाठी मराठी घरांना परिचित असे एक उदाहरण पुरेसे आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये लग्नपत्रिकेचा मजकूर टंकित करून तो दुसऱ्या गावच्या छापखान्यात पाठविला आणि तेथे तो फाँट नसला, तर पडद्यावर नावांऐवजी निरर्थक इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे उमटत. मजकूर नष्ट झालेला नसे. अक्षरांच्या संकेतांचा अर्थ लावण्याचे कोष्टक तेवढे त्या यंत्राजवळ नसे. पुढे युनिकोड आले, जुन्या संकेतांचे नव्या संकेतांत रूपांतर करणारी साधने आली आणि तोच मजकूर पुन्हा वाचता येऊ लागला. कार्यक्रमांचेही असेच आहे. फाइल उघडणे, पडद्यावर चौकट काढणे, छपाईयंत्रास आज्ञा देणे, ह्या प्रत्येक गोष्टीसाठी कार्यक्रम प्रणालीकडे ठरावीक शब्दांत मागणी करतो. विंडोजचे शब्द वेगळे, लिनक्सचे वेगळे. मागणी रास्त असूनही ती समजत नाही, एवढाच काय तो अडथळा.

येथे दुभाषी उपयोगी पडतो. संगणकशास्त्रात त्यास सुसंगतता-स्तर म्हणतात. विंडोजच्या कार्यक्रमांसाठी असा दुभाषी घडविण्याचे काम १९९३ साली सुरू झाले. त्याचे नाव वाइन. १९९४ पासून अलेक्झांद्र ज्युलियार हे ह्या कामाचे नेतृत्व करीत आले आहेत. पहिली पूर्ण आवृत्ती जून २००८ मध्ये प्रसिद्ध झाली, म्हणजे त्यासाठी पंधरा वर्षे लागली. वाइन संपूर्ण यंत्राची नक्कल करीत नाही. कार्यक्रमाने विंडोजच्या शब्दांत केलेली मागणी ऐकून तो ती लिनक्सला त्याच्या शब्दांत सांगतो आणि उत्तर परत आणून देतो. त्यामुळे वेगात फारशी घट होत नाही. मात्र दुभाष्याला जे शब्द अजून येत नाहीत, तेथे कार्यक्रम अडतो.

आता आजोबांचा पहिला प्रश्न. टॅली हा कार्यक्रम अधिकृतरीत्या विंडोजसाठी आहे. वाइनच्या साह्याने तो चालवून पाहता येईल. परंतु उद्या अडचण आल्यास विक्रेत्याकडे हक्काने दाद मागता येणार नाही. म्हणून पेढीचे चालू हिशेब एकट्या दुभाष्याच्या भरवशावर सोपविणे शहाणपणाचे नाही. चालू हिशेबासाठी आधार असलेला एक संगणक ठेवावा, किंवा लिनक्सवर स्वतंत्रपणे चालणाऱ्या ग्नूकॅशसारख्या हिशेब-कार्यक्रमाचा विचार सनदी लेखापालाच्या सल्ल्याने करावा. वाइनचा खरा उपयोग वेगळ्या ठिकाणी आहे. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षे, जपावी लागतात. प्रकरण अपिलात वा चौकशीत असल्यास त्याहूनही अधिक काळ ती जपावी लागू शकतात. नुसती फाइल जपून भागत नाही. मागितल्यावर ती उघडून दाखविता आली पाहिजे. जुना बिल-कार्यक्रम लिहिणारी कंपनी बंद झाली आणि नवी विंडोज त्या कार्यक्रमास ओळखेनाशी झाली, तर जपलेला हिशेब असूनही नसल्यासारखा होतो. अशा प्रसंगी जुने कार्यक्रम उघडून आतील नोंदी बाहेर काढण्यास वाइन अनेकदा उपयोगी पडतो.

दुसरा प्रश्न फोनमधील ॲप्सचा. येथे एक गंमत आहे. अँड्रॉइडच्या गाभ्यात लिनक्सच आहे. मग अँड्रॉइडचे ॲप साध्या लिनक्सवर का चालू नये? कारण पाया एक असला तरी वरचे बांधकाम वेगळे आहे. अँड्रॉइडने त्या गाभ्यावर स्वतःची रचना उभी केली आणि ॲप्स त्या रचनेशी बोलतात. ही अडचण सोडविण्यासाठी २०१७ मध्ये अँबॉक्स नावाचा प्रयत्न झाला आणि २०२१ च्या सुमारास वेड्रॉइड आला. वेड्रॉइडची कल्पना जुन्या वाड्यातील बिऱ्हाडासारखी आहे. वाड्याचा पाया एकच, परंतु एका खोलीत स्वतंत्र दार आणि स्वतंत्र चूल असलेले बिऱ्हाड राहते. तसेच लिनक्सच्या एका बंदिस्त खोलीत संपूर्ण अँड्रॉइड नांदते आणि गाभा तेवढा दोघांचा सामाईक असतो. दुसरा संगणक आभासी रूपात उभा करावा लागत नाही, म्हणून वेग चांगला मिळतो.

तरीही एक गाठ उरते. फोनमध्ये बहुधा एआरएम जातीचा प्रोसेसर असतो, तर पेढीवरील संगणकात इंटेल वा एएमडीचा. दोघांची आज्ञावली भिन्न आहे. जे ॲप दोन्हींसाठी तयार केलेले असते ते सहज चालते. जे केवळ फोनच्या प्रोसेसरसाठी असते, त्यास आणखी एक दुभाषी लागतो आणि मग वेग मंदावतो. काकूंची पाककृतींची, वाचनाची वा टिपणांची ॲप्स बहुधा चालतील. संगणकात आठ जीबी स्मृती असेल तर काम सुखाने होईल. चार जीबीवर लिनक्स स्वतः चालते, पण अँड्रॉइडचे बिऱ्हाड दाटीवाटीत राहते.

येथे एक इशारा आवश्यक आहे. फोनच्या अधिकृत भांडाराबाहेरून ॲप घ्यायचे झाल्यास एपीके नावाची फाइल उतरवावी लागते. लग्नपत्रिकेच्या नावाखाली अशीच फाइल पाठवून फोन ताब्यात घेण्याचे आणि खाती रिकामी करण्याचे प्रकार आपल्या देशात घडले आहेत. दुभाषी प्रामाणिकपणे भाषांतर करतो; बोलणारा सज्जन आहे की चोर, हे तो पाहत नाही. वाइनवर विंडोजचा विषाणूही चालू शकतो. म्हणून अनोळखी ठिकाणची फाइल लिनक्सवरदेखील वर्ज्यच मानावी.

तिसरा प्रश्न खेळांचा. ज्येष्ठांना तो क्षुल्लक वाटेल. परंतु दुभाष्याची सर्वांत कठीण परीक्षा खेळांतच झाली आहे. हिशेबाचा कार्यक्रम एक क्षण थांबला तर कोणाचे बिघडत नाही. खेळातील चित्र मात्र सेकंदाला साठ वेळा बदलावे लागते. वाल्व्ह ह्या अमेरिकन कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये वाइनवर आधारलेला प्रोटॉन हा दुभाषी खुला केला. त्यात डीएक्सव्हीके हा भाग आहे. विंडोजच्या चित्ररेखनाच्या आज्ञा तो व्हल्कन ह्या खुल्या पद्धतीत बदलतो. ह्याच बळावर त्या कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टीम डेक हे लिनक्सवर चालणारे हातातील खेळयंत्र विक्रीस आणले. विंडोजसाठी लिहिलेले हजारो खेळ त्यावर चालतात.

ह्याहून पुढची पायरी आभासी वास्तवाची, ज्यास मुले व्हीआर म्हणतात. डोळ्यांवर शिरस्त्राणासारखे यंत्र चढविले की मान वळेल तसे दृश्य वळते. सेकंदाला नव्वद चित्रे द्यायची, तर एका चित्रासाठी जेमतेम अकरा सहस्रांश सेकंद मिळतात. तेवढ्यात मानेची हालचाल ओळखणे, खेळाची मागणी समजणे, तिचे भाषांतर करणे आणि चित्र रेखाटणे, सारे उरकावे लागते. विलंब झाला तर केवळ खेळ बिघडत नाही, पाहणाऱ्यास मळमळू लागते. पूर्वी प्रत्येक कंपनीच्या शिरस्त्राणाची भाषाही निराळी होती. क्रोनोस ह्या उद्योगसंघाने २०१९ मध्ये ओपनएक्सआर हे सामाईक मानक प्रसिद्ध केले आणि लिनक्सवर ते मानक पाळणारी मोनाडो ही खुली प्रणाली उभी राहिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये वाल्व्हने घोषित केलेल्या स्टीम फ्रेम ह्या शिरस्त्राणात तर अनेक दुभाषी एकाच छपराखाली आले आहेत. आत लिनक्स आहे, प्रोसेसर फोनच्या जातीचा आहे, विंडोजचे खेळ प्रोटॉन समजावून सांगतो, इंटेलच्या आज्ञा फेक्स हा दुभाषी एआरएमच्या आज्ञांत बदलतो आणि अँड्रॉइडच्या ॲप्सचीही सोय आहे.

नातवाने हे ऐकून आनंदित होण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. पेढीवरचा जुना संगणक व्हीआरला पुरा पडणार नाही. त्यासाठी सामर्थ्यवान चित्रप्रक्रियक लागतो. साधे आणि जुने खेळ मात्र त्यावर चालतील. काही सामूहिक खेळांत लबाडी पकडणारा पहारेकरी-कार्यक्रम असतो. खेळ बनविणाऱ्याने अनुमती दिली नसेल, तर तो लिनक्सवरील खेळाडूस दारातूनच परत पाठवितो. खेळ चालविण्याची तांत्रिक क्षमता असूनही प्रवेश मिळत नाही.

हाच धागा चौथ्या आणि सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नाकडे नेतो. पैशाचा व्यवहार त्यावर करता येईल का? ह्याचे उत्तर स्पष्ट आहे: फोनमधील बँकेची आणि यूपीआयची ॲप्स वेड्रॉइडवर चालविण्याच्या भरीस पडू नये.

कारण भाषेचे नाही, विश्वासाचे आहे. यूपीआय सुरू करताना फोनमधून एक लघुसंदेश जातो आणि त्या फोनची, त्या सिमची व बँक खात्याची गाठ बांधली जाते. पेढीवरील संगणकात सिमच नसते. मग गाठ कशाशी बांधणार? दुसरे असे की, अनेक बँकांची ॲप्स गूगलच्या सेवेकडे विचारणा करतात: हे यंत्र प्रमाणित आहे का, त्याच्या प्रणालीत कोणी ढवळाढवळ केली आहे का? वेड्रॉइडमधील अँड्रॉइड प्रामाणिक असले तरी त्याच्यापाशी असे प्रमाणपत्र नसते.

खामगावच्या वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. चांदीसाठी नावाजलेल्या त्या गावात शुद्ध चांदीचे मोल सर्वांना ठाऊक आहे. एखादा दागिना अस्सल शुद्ध असू शकतो. परंतु त्यावर पेढीची मोहोर नसेल, तर परगावचा खरेदीदार तो त्या भावाने घेत नाही. मोहोर म्हणजे शुद्धता नव्हे. शुद्धतेची हमी कोणीतरी स्वतःच्या नावावर घेतली आहे, ह्याची ती खूण आहे. दुभाषी शब्दांचे भाषांतर करू शकतो, पण दुसऱ्याची हमी तो आपल्या पदरची म्हणून देऊ शकत नाही. बँकेच्या खिडकीवर पिढ्यान् पिढ्या हेच तत्त्व चालत आले आहे. मनुष्य चांगला असणे वेगळे आणि जामीनदाराची सही असणे वेगळे.

प्रमाणपत्र नसताना ते असल्याचा आभास निर्माण करणाऱ्या युक्त्या तरुणांना सापडतात. नातवालाही त्या ठाऊक असतील. परंतु खोटी मोहोर मारून खपविलेली चांदी जशी पुढे-मागे पेढीचे नाव घालवते, तशीच ही युक्तीही. उद्या खात्यात गैरव्यवहार झाला आणि आपणच सुरक्षेचा बंध तोडला होता असे निष्पन्न झाले, तर बँकेपुढे आपली बाजू दुबळी होते. पैशाची ॲप्स प्रमाणित फोनमध्येच राहू द्यावीत. बँकेचे संकेतस्थळ मात्र लिनक्सवरील अद्ययावत ब्राउझरमध्ये उघडण्यास हरकत नाही. जीएसटीचे संकेतस्थळही ब्राउझरमध्येच चालते; परंतु डिजिटल स्वाक्षरीचे टोकन वापरीत असल्यास ते लिनक्सवर ओळखले जाते की नाही, हे आधी तपासून घ्यावे.

कोणाच्या सोयीवर किती विसंबावे, ह्याचाही विचार हवा. विंडोज ११ वर अँड्रॉइडची ॲप्स चालविण्याची सोय खुद्द मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये जाहीर केली होती. ५ मार्च २०२५ रोजी तिचा आधार संपला. मोठी कंपनी म्हणून सोय कायमची असते, असे नाही. खुल्या प्रकल्पात सर्व मजकूर उघड असल्याने एकाने काम सोडले तरी दुसरा ते उचलू शकतो. पण तेथेही राबणारे हात लागतात, हे विसरू नये.

कोणी विचारील की, दुसऱ्याच्या प्रणालीचे शब्द वापरणारा दुभाषी कायदेशीर आहे का? वाइन तीन दशकांहून अधिक काळ उघडपणे विकसित होत आहे. ह्याच प्रकारचा एक मोठा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता. अँड्रॉइड घडविताना गूगलने जावा ह्या भाषेतील मागण्यांचे सुमारे साडेअकरा हजार ओळींचे शब्दरूप वापरले, म्हणून ओरॅकल कंपनीने २०१० मध्ये दावा लावला. ५ एप्रिल २०२१ रोजी न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी तो वापर न्याय्य ठरविला. प्रत्येक खटल्याची परिस्थिती वेगळी असते; तथापि चोरीचा कार्यक्रम दुभाष्यावर चालविला म्हणून तो वैध होत नाही, एवढे निश्चित. परवाना विंडोजवर लागतो तसाच तो लिनक्सवरही लागतो.

मग पेढीने करावे काय? सर्वप्रथम सर्व हिशेबांच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि त्या उघडतात की नाही, हे प्रत्यक्ष पाहावे. नंतर पेढीवर वापरात असलेले कार्यक्रम, छपाईयंत्र, स्वाक्षरीचे टोकन ह्यांची यादी करावी. लिनक्स पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते. त्यासाठी संगणकातील काहीही पुसावे लागत नाही. यादीतील प्रत्येक वस्तू अशा रीतीने तपासावी. सर्व जुळले तरी महिनाभर दोन्हीकडे काम करावे. वहीखात्यावरून संगणकावर येताना अनेक पेढ्यांनी काही काळ दोन्ही लिहिले होते. तोच मार्ग येथेही हिताचा. आणि हा प्रयोग मार्चअखेरीस वा विवरणपत्राच्या तारखेच्या तोंडावर मुळीच करू नये.

आता पेढीवरील त्या आजोबांकडे परत येऊ. यादी पाहून ते नातवास सांगतील, "हा संगणक राहू दे. टॅलीपुरता एक नवा घेऊ, पण चार नवे घ्यायचे कारण नाही. जुन्या सालांचे हिशेब ह्यावर उघडतात का, ते आधी तू मला दाखव. पैशाचे काम फोनवरच राहील." नातू म्हणेल, "आणि खेळ, आजोबा?" त्यावर उत्तर मिळेल, "दुकान बंद झाल्यावर."